ओठावरचा यश्माक

तागानमिरातला कालव्यापलीकडची वाळूकाठची जमीन मिळाली, तेव्हा गावात कुणाच्याही पोटात दुखलं नाही. ती कुणालाच नको होती. एका अंगाला पाटाचं शेवटचं, अर्धवट कोरडं टोक. दुसऱ्या अंगाला काराकुम वाळवंटाची वाळू. मधला उंचवटा वाळूउंदरांनी पोखरून त्याची चाळण केलेली. सकाळी हे उंदीर मागच्या पायांवर उभे राहून शिट्ट्या घालतात. दिवस कलला की त्यांच्याच बिळांतून वाळूमाश्या निघतात. त्यांचा आवाज म्हणून येत नाही. डासाहून कितीतरी बारीक, पिवळट माशी टुणटुण उड्या मारत अंगावर येते आणि चावल्यावरच कळते. पुढं काही आठवड्यांनी तिथं फोड येतो, फुटतो, महिनोन्‌महिने वाहतो आणि जाताना कायमचा वण ठेवून जातो. आमच्यात त्याला वर्षाचा फोड म्हणतात. शेंबडं पोरसुद्धा संध्याकाळी त्या उंचवट्याकडं फिरकत नाही.

पण सामूहिक शेतीच्या अध्यक्षानं सभेत विचारलं, "खरबुजासाठी ही जमीन कोण घेतो?" आणि तागानमिरात आपली मेंढीच्या कातड्याची भली मोठी टोपी सावरत उठला. त्या माणसाला कुणी खरूज फुकट दिली, तर तो ती न्यायला पोतं घेऊन येईल.

मी नेपेस. त्याचा शेजारी. आमच्या दोन अंगणांमध्ये एक मातीची भिंत आहे आणि ती माझ्या छातीपर्यंतच येते, त्यामुळं त्या घरातलं शहाणपण मला रोज ऐकावं लागतं. मी सामूहिक शेतीचा पाण्याचा टँकर चालवतो. कालव्याचं पाणी पिकाला; पिण्याचं पाणी जिल्ह्याहून मी आणतो. म्हणजे गावात कुणाची घागर रिकामी आहे आणि कुणाचं डोकं, हे दोन्ही मला ठाऊक असतं.

त्याच वसंतात तागानच्या मुलाचं लग्न झालं. मुलगा ओवेज. अंगानं रेडा, पण बापासमोर खोकतानाही परवानगी घेणारा. बायको आणली ती लांबून, कोपेतदागच्या डोंगरातून. तिचं नाव आकनाबात. डोंगरात थंडी, वाळूमाशी नाही. पोरीच्या अंगावर वण सापडला नसता. लग्नाला आलेल्या आमच्या बायका तिच्या मनगटांकडे आणि कपाळाकडे बघतच राहिल्या, कारण आमच्यात प्रत्येकाच्या अंगावर एक तरी खळगा आहे. माझ्या हातावर दोन आहेत. खुद्द तागानच्या नाकाच्या शेंड्यावर एक आहे, आणि त्यामुळं आपण रुबाबदार दिसतो असं त्याला वाटतं.

कपाळ आणि मनगटं एवढंच दिसलं, कारण बाकीचा चेहरा यश्माकमागं होता. सुनेनं डोक्यावरच्या रुमालाचं टोक ओठांत धरायचं, नाकाखालचं तोंड झाकायचं, आणि सासऱ्यासमोर, थोर पुरुषांसमोर शब्द काढायचा नाही. सासरा भेट देऊन म्हणेल, "सूनबाई, आता उघड," तोवर हे चालतं. चांगली घरं वर्षा-दोन वर्षांत, पहिलं मूल झालं की उघडायला लावतात. हल्लीच्या पोरी तर सासरा अंगणाबाहेर पडला की टोक सोडून देतात. आकनाबात सोडत नसे. तागान चहाच्या चटईवर बसून सांगायचा, "माझ्या सुनेचा आवाज? कोंबड्यानं ऐकला असेल तर असेल, मी नाही ऐकला."

"तुम्ही दुसऱ्या कुणाला बोलू देता कुठं, तागान आगा," मी म्हणालो. सगळे हसले. तोही हसला. त्याला वाटलं, मी कौतुक केलं.

आमच्या दोन घरांत तंदूर एक. माझी बायको गोव्हेर आणि तागानची बायको ओगुलगेरेक सकाळी तिथं रोट्या लावतात. आईबापांना मुलगा हवा होता, झाली मुलगी, म्हणून तिचं नाव ओगुलगेरेक, 'मुलगा हवा'. त्या नावाचा सूड ती जन्मभर दुसऱ्यांच्या मुलींवर उगवत आली. गोव्हेर तिला म्हणाली, "वहिनी, पोर डोंगरातली आहे. तिला टोचून घ्या. उन्हाळ्याआधी."

आमच्यात मुली चालत्याबोलत्या झाल्या की म्हाताऱ्या बाया कुणाच्या तरी पिकलेल्या फोडातलं पाणी काट्याच्या टोकावर घेऊन त्यांच्या मांडीवर टोचतात. तिथं एकच फोड येतो, कुणाला न दिसणारा, आणि चेहरा जन्माचा सुटतो. जिल्ह्याचे डॉक्टर या प्रकाराला शिव्या देतात. देईनात का. पण ओगुलगेरेकला डॉक्टरांचं भय नव्हतं.

"मांडीवर फोड घेऊन ती मागावर बसणार कशी?" ती म्हणाली. "गालिचा शरदात उतरवायचाय. अध्यक्षाच्या दिवाणखान्यात लागणार आहे तो, सामूहिक शेतीच्या उत्सवाला. फोड यायचा तर पुढच्या वर्षी येईल."

"फोड काय तुमच्या सोयीनं येतो?"

"तू तुझ्या रोट्या बघ. करपतायत."

रोट्या करपत नव्हत्या. गोव्हेरनं हे मला दोनदा सांगितलं, कारण तिला राग त्याचाच जास्त आला होता.

उन्हाळा लागला आणि खरबुजाचे वेल पसरले. राखणीला माणूस हवा. तागाननं डोकं चालवलं, म्हणजे जे काही त्या टोपीखाली आहे ते चालवलं. माग घरातून उचलला आणि शेतात नेऊन, त्या उंचवट्याच्या पायथ्याशी, चार खांबांवर वेताचं छप्पर टाकून त्याखाली ठोकला. आमचा माग जमिनीवरच आडवा असतो. दोन तुळया, चार खुंट्या, आणि विणलेल्या भागावर बसून पुढं सरकायचं. सूनबाईनं दिवसभर विणायचं आणि मान वर करून खरबुजंही राखायची. एका पोरीत दोन कामं. हे सांगताना त्याचा चेहरा असा फुलला होता, जणू चाकाचा शोध यानंच लावला.

"संध्याकाळी तरी तिला घरी आणा," मी म्हणालो.

"संध्याकाळी तर साळिंदर येतं."

"आणि माशी?"

"माशीनं कधी खरबूज खाल्लंय का रे, नेपेस?"

मध्ये जिल्ह्याहून साथीच्या खात्याची दोन माणसं आली होती, बिळांत विषारी धान्य टाकायला. तागाननं फावडं घेऊन त्यांना हाकललं. म्हणे, माझा कुत्रा मरेल. ती माणसंही कमी नव्हती. उन्हात वाद घालण्यापेक्षा जीपमध्ये बसणं त्यांना बरं वाटलं. वहीत 'काम पूर्ण' असं काहीतरी खरडून ती निघून गेली असतील.

मी एक दिवसाआड त्या शेतावर पाणी द्यायला जायचो. हॉर्न वाजवला की आकनाबात मागावरून उठायची, यश्माक ओठांत घट्ट धरायची आणि दोन बादल्या घेऊन यायची. बोलणं नाही. बोटानं दाखवायची: एवढी भरा. पुरे. तिच्या बोटांची पेरं लोकरीच्या लाल रंगानं माखलेली. विणायची अशी की बघत राहावं. गाठ, सुरी, गाठ, सुरी, मग लोखंडी फणीचा ठोका. त्या बाप-लेकानं मिळून वर्षभरात केलं नसेल एवढं काम ती दिवसात करायची. ओवेज संध्याकाळी यायचा, एक खरबूज फोडून खायचा, आणि बायकोशेजारी बाजेवर झोपायचा. त्याला माशी चावली तरी काही होत नव्हतं. त्याचा फोड लहानपणीच मांडीवर होऊन गेला होता.

भर उन्हाळा सरत आला तेव्हा एकदा गोव्हेर माझ्याबरोबर टँकरमध्ये आली, तिला दोन खरबुजं हवी होती. मी नळी लावत होतो. ती छपराखाली गेली आणि बराच वेळ आलीच नाही. आली तेव्हा खरबुजं विसरली होती.

"गाडी चालव," ती म्हणाली. पुढं गेल्यावर बोलली. "पोरीच्या वरच्या ओठावर आलाय. फुटलाय. पाटावर तोंड धूत होती, मी पाहिलं. नाकपुडीपर्यंत गेलाय, नेपेस. वरून तो रुमाल दातांत धरते, तो ओला, लोकरीचा रंग लागलेला, तोच घासतोय. घरमाश्या बसतात वर."

"सासूला सांगितलं का तिनं?"

"सांगितलं. सासूनं काय केलं माहितीये? फणी तापवली आणि कडेला डाग दिला. आणि म्हणाली, डोंगरातली कातडी नाजूक असते."

"आणि नवरा?"

गोव्हेर खिडकीबाहेर थुंकली. एवढंच उत्तर.

मी ओवेजला कालव्याच्या पुलावर गाठलं. सायकल धरून उभा होता.

"बायकोचं तोंड बघितलंस का रे?"

त्यानं मान खाली घातली. "बघितलंय."

"मग जिल्ह्याला ने. तिथं कातडीचा दवाखाना आहे. सुया देतात, मलम देतात. आता नेलंस तर नाक वाचेल."

"बापाला विचारायला पाहिजे."

"मग विचार."

"बायकोबद्दल बापाशी कसं बोलणार, नेपेस आगा? लाज वाटते."

आमच्यात मुलगा बापासमोर बायकोचं नाव काढत नाही, हे खरं आहे. पण हा रेडा त्या रीतीमागं असा लपला होता, जसा पोर मार चुकवायला आजीमागं लपतं. सासूला शब्द काढायचा नव्हता, कारण शेतात माग मांडायची अक्कल निम्मी तिचीच. सुनेला सासऱ्याशी बोलायची परवानगी नाही. घरात चार माणसं, तिघांना ठाऊक, आणि ज्याच्या शब्दावर गाडी हलणार तो एकटा आपल्या सुनेच्या मर्यादेचे गोडवे गात बसलेला.

म्हणून मीच गेलो. तागान अंगणात बसून मेंढ्याच्या शिंगाला तेल लावत होता.

"तागान आगा, तुमच्या सुनेच्या ओठावर वर्षाचा फोड झालाय. चिघळलाय. तिला उद्या माझ्याबरोबर टँकरमधून पाठवा. गोव्हेर येईल सोबत."

त्यानं तेलाची वाटी खाली ठेवली. "काय म्हणालास?"

"फोड. ओठावर."

"माझ्या सुनेचा ओठ तू कुठं बघितलास?"

"मी नाही. गोव्हेरनं..."

"मी बघितला नाही! तिच्या सासऱ्यानं बघितला नाही! आणि हा पाणक्या मला येऊन सांगतो तिच्या ओठावर काय आहे!" तो उभा राहिला. टोपी खाली पडली. टोपीवाचून तो अगदीच किरकोळ दिसतो. "जळतोस तू, नेपेस! तुझ्या सुना उघड्या तोंडानं बाजार हिंडतात म्हणून माझ्या घरच्या मर्यादेवर चिखल उडवतोस!"

"तागान आगा, घरात जाऊन एकदा विचारा तरी."

"ओगुलगेरेक!" तो ओरडला. ती दारातच होती, सगळं ऐकत. "सूनबाईला काही झालंय का?"

ओगुलगेरेकनं माझ्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. "काय व्हायचंय? एक पुटकुळी आली होती. वाळतीये."

मी घरी आलो. त्या रात्री भिंतीपलीकडून त्याचा आवाज येत राहिला. मी खोटा, माझा बाप खोटा, माझा टँकर गळका. टँकर गळका आहे हे खरं. पण शेवटी त्यानं जे ठरवलं ते ऐकून गोव्हेरनं कपाळावर हात मारला. गालिचा उतरवायच्या दिवशी साऱ्या गावाला बोलवायचं, मेंढा कापायचा, आणि सगळ्यांदेखत सुनेला भेट देऊन यश्माक उघडायला लावायचा. म्हणजे नेपेसच्या थोबाडीत आपोआप बसेल.

"अहो, मूल तरी होऊ द्या," ओगुलगेरेकचा आवाज आला. "इतक्या लवकर कोण उघडतं? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, तागानमिरात दिलदार आहे."

"मी म्हणते, हिवाळ्यात करू."

"का? हिवाळ्यात काय निराळं तोंड येणार आहे तिला?"

इथं खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. आयुष्यभर नको तिथं कात्रीसारखी चालणारी जीभ ओगुलगेरेकनं नेमकी तेव्हा आवरली.

गोव्हेरनं पोरीला गुपचूप चलायला सांगितलं. ती नाही म्हणाली. न विचारता गेले तर माहेरी परत पाठवतील, म्हणाली, आणि माहेरी दोन धाकट्या बहिणी लग्नाच्या आहेत. गोव्हेर रोज तिला उकळलेलं पाणी आणि स्वच्छ कापडाच्या पट्ट्या नेऊन द्यायची. फणीचा ठोका मात्र थांबला नाही. उलट जोरात पडू लागला. तिनं शेवटचा हातभर गालिचा असा विणला, की पाठ मोडून पडेल असं वाटायचं. तो उतरल्याशिवाय हे लोक तिला हलू देणार नाहीत, एवढं तिला कळून चुकलं होतं.

कापसाची वेचणी सुरू व्हायच्या आधी तो दिवस आला. अंगणात चटया, चहाची किटली, पुलावाची कढई. अध्यक्ष आला. मलाही बोलावणं होतं, पुढच्या रांगेत; थोबाडीत खायला माणूस पुढंच बसलेला बरा. टँकर मी फाटकाशी उभा केला होता, तिथूनच जिल्ह्याला जायचं होतं. बायकांनी सकाळीच शेतात जाऊन तुळईवरचे दोरे कापले होते; गालिचा आणून अंगणात पसरला. अध्यक्ष बोलायचा तो तोंडात पुलाव असल्यासारखा, पण गालिचा बघून तोही काही क्षण नीट बोलला. "सुंदर," म्हणाला.

तागान उठला. हातात रेशमी शाल, तिच्यावर चांदीचं गोल पदक. "मंडळी, माझ्या सुनेच्या तोंडाबद्दल काही लोक फार बोलतात." त्यानं माझ्याकडं पाहिलं. "आज सगळ्यांनी बघा. सूनबाई, ये. ही तुझी भेट. मी, तुझा सासरा, सांगतोय. उघड, आणि बोल."

आकनाबात पुढं आली. शाल दोन्ही हातांनी घेतली, गालिच्यावर ठेवली. ओगुलगेरेक कढईशी जाऊन झारा फिरवत राहिली. ओवेज मेंढ्याची आतडी धूत होता, तो तसाच खाली बघत धूत राहिला.

आकनाबातनं ओठांतलं टोक सोडलं. रुमाल खाली आला नाही. खपलीला चिकटला होता. तिनं तो नखानं, सावकाश, कडेकडेनं सोडवला.

वरच्या ओठाची डावी बाजू नव्हतीच. सुजलेल्या, वर आलेल्या काठाचा एक ओला खड्डा होता, नाकपुडीची कड खाऊन आत गेलेला. डाग दिलेली कातडी काळी पडली होती. रक्ताचा ओघळ हनुवटीवर आला. एक मूल रडायला लागलं. अध्यक्षानं चहाची वाटी खाली ठेवली आणि शालीकडं बघू लागला, कारण दुसरीकडं कुठं बघावं हे त्याला कळेना.

तागानचं तोंड उघडंच राहिलं. मग तो हात हलवत पुढं झाला, तशी टोपी खाली पडली. "झाक! अगं झाक ते! लोक बसलेत!"

"उघडायची भेट दिलीत, आगा," ती म्हणाली. आवाज जाडसर होता, डोंगरी, आणि ओठ नीट मिटत नसल्यामुळं शब्द घरंगळत होते, पण अंगणातल्या प्रत्येकाला ते ऐकू आले. "झाकायची काय देता?"

ओगुलगेरेक कढईजवळून म्हणाली, "अगं, निदान लोकांचं जेवण तरी होऊ दे."

आकनाबातनं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. सबंध उन्हाळाभर जिनं मला फक्त बोटानं पाणी दाखवलं, ती म्हणाली, "नेपेस आगा, गाडी जिल्ह्याला जाते ना? चला."

मी उठलो. गोव्हेर आधीच फाटकाशी पोचली होती. आम्ही तिघं टँकरच्या पुढच्या बाकावर बसलो, गोव्हेर मध्ये, आकनाबात दाराशी. मी चावी फिरवली, पहिल्यांदा चालू झाला नाही, मी टँकरला शिव्या दिल्या. तेवढ्यात ओवेज धावत आला. हात कोपरापर्यंत ओले. त्यानं दाराची कड धरली आणि एक पाय पायरीवर ठेवला. मग वळून अंगणात उभ्या असलेल्या बापाकडं बघितलं. बाप आपली टोपी शोधत होता.

इंजिन चालू झालं.

"बसायचं तर बस," आकनाबात म्हणाली. "नाहीतर हात काढ. मला दार लावायचंय."

ओवेजनं हात काढला.